जादा तासांचा पेच : ब्रिटनमधील विमान-देखभाल अभियंते आणि ओव्हरटाइमचा प्रश्न

विमान कंपनी आणि तिचा देखभाल विभाग यांच्यातील वेतनाची बोलणी फिसकटली, की हँगरमध्ये संपाच्याही आधी चर्चा सुरू होते ती ओव्हरटाइमची. सुट्टीच्या दिवशी कामावर यायचे की नाही, पाळी संपताना अर्धवट राहिलेली दुरुस्ती पुरी करून जायची की पुढच्या पाळीकडे सोपवायची, रात्री अकराला पर्यवेक्षकाचा फोन वाजला तर तो उचलायचा का, असे हे प्रश्न असतात. बाहेरच्या माणसाला ते किरकोळ वाटतील. परंतु ज्याच्या सहीवर दीडशे-दोनशे प्रवाशांचे विमान आकाशात जाते, त्याच्या दृष्टीने त्यांत पगार, नोकरी, सहकाऱ्यांचा विश्वास आणि स्वतःचा परवाना असे सारेच पणाला लागलेले असते. ब्रिटनमध्ये या प्रश्नाला कायद्याचा, पैशाचा आणि सुरक्षिततेचा असे तीन पदर आहेत. ते एकमेकांत असे गुंतले आहेत, की एक सोडवू जाता दुसरा आवळला जातो.

सही कोणाची, जबाबदारी कोणाची

विमानाची दुरुस्ती अनेक हातांनी होते. पण दुरुस्तीनंतर ते पुन्हा सेवेत सोडण्याच्या प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार परवानाधारक अभियंत्यालाच असतो. हा परवाना ब्रिटनचे नागरी विमान वाहतूक प्राधिकरण, म्हणजे सीएए, देते. त्याचे वर्ग आहेत. किरकोळ, ठरीव कामांसाठी ‘ए’, इंजिन व सांगाड्यासाठी ‘बी१’, विद्युत व एव्हिऑनिक्स यंत्रणांसाठी ‘बी२’, आणि हँगरमधील मोठ्या तपासणीनंतर संपूर्ण विमान सोडण्यासाठी ‘सी’. नुसता परवानाही पुरत नाही. विमानाच्या त्या त्या प्रकाराचे प्रशिक्षण परवान्यावर नोंदलेले असावे लागते, कंपनीने स्वतःचे अधिकारपत्र दिलेले असावे लागते, आणि मागील दोन वर्षांत किमान सहा महिन्यांचा प्रत्यक्ष देखभालीचा अनुभवही लागतो.

या शेवटच्या अटीचे महत्त्व वादाच्या काळात कळते. बसचालक संपावर गेले तर जुना परवाना बाळगणारा एखादा अधिकारी चाकामागे बसण्याची शक्यता तरी असते. विमानाच्या बाबतीत कार्यालयात बसून वर्षे काढलेला व्यवस्थापक कोट काढून सहीला उभा राहू शकत नाही. बाहेरून कंत्राटी अभियंते आणावेत तर त्यालाही मर्यादा आहे. देखभाल संस्थांना लागू असलेल्या ‘पार्ट १४५’ नियमावलीच्या मार्गदर्शक तरतुदींनुसार, कोणत्याही पाळीत प्रत्येक हँगरमध्ये वा धावपट्टीलगतच्या देखभाल केंद्रात किमान निम्मे मनुष्यबळ संस्थेचे स्वतःचे असावे, अशी अपेक्षा आहे. म्हणजे परवानाधारक हा सहज बदलता येणारा कामगार नाही. त्याच्या नकाराला वजन येते ते इथूनच.

ओव्हरटाइम थांबला की नेमके काय होते

विमान दिवसा उडते आणि रात्री दुरुस्त होते. अखेरचे उड्डाण संपवून ते मध्यरात्रीच्या सुमारास उभे राहते आणि पहाटे पाच-सहाला पुन्हा निघते. या चार-पाच तासांच्या खिडकीत जेवढे जमेल तेवढे करायचे, उरलेले नियमांच्या चौकटीत राहून पुढे ढकलायचे, हा रोजचा व्यवहार आहे. कोणता बिघाड किती दिवस पुढे ढकलता येतो हे ‘किमान उपकरण सूची’ ठरवते. ‘बी’ वर्गातील दोषाला तीन दिवस, ‘सी’ वर्गाला दहा दिवस, ‘डी’ वर्गाला १२० दिवस अशी मुदत असते, तर ‘ए’ वर्गाची मुदत त्या नोंदीतच लिहिलेली असते. मुदत टळली की विमान जागचे हलू शकत नाही.

म्हणून ओव्हरटाइमवरील बहिष्कार संपासारखा पहिल्याच सकाळी दिसत नाही. पहिले दोन दिवस वेळापत्रक सुरळीत चालते आणि व्यवस्थापनाला वाटते की धमकी पोकळ होती. मग पुढे ढकललेल्या दोषांची यादी वाढू लागते. तीन दिवसांच्या मुदती संपतात, पाठोपाठ दहा दिवसांच्या. हँगरमधील मोठ्या तपासणीचे विमान ठरल्या दिवशी बाहेर पडत नाही, त्यामुळे पुढच्या विमानाला जागा मिळत नाही. दूरच्या विमानतळावर एखादे विमान बिघडून अडकले की तिथे सुटे भाग घेऊन जायला कोणी तयार नसतो, कारण तसा प्रवास बहुधा सुट्टीच्या दिवसावर अतिक्रमण करूनच होत असतो. नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. फरक इतकाच, की हे नाक हळूहळू दाबले जाते आणि दाबणाऱ्याचा मूळ पगार मात्र चालू राहतो.

मुंबईकर वाचकाला याचे जवळचे उदाहरण आठवेल. ऑगस्ट २०१८ मध्ये मध्य रेल्वेच्या मोटरमननी एके दिवशी केवळ जादा काम नाकारले, आणि लोकलच्या फेऱ्या रद्द होऊ लागल्या. संप नव्हता, कोणी रुळांवर बसले नव्हते. रिक्त जागा भरल्या जात नव्हत्या, आणि रोजचे वेळापत्रक जादा तासांच्या टेकूवर उभे होते, एवढेच त्या दिवशी उघड झाले. विमान-देखभालीतही हीच स्थिती असते. ‘पार्ट १४५’ नुसार प्रत्येक संस्थेला मनुष्य-तासांचे नियोजन करावे लागते. एखाद्या महिन्यात उपलब्ध तासांत २५ टक्क्यांहून अधिक तूट पडली तर ती वरिष्ठांच्या निदर्शनास आणावी, असे मार्गदर्शन आहे. ओव्हरटाइमने जी तूट वर्षानुवर्षे झाकलेली असते, ती बहिष्काराच्या महिन्यात कागदावर उतरते. कामगार संघटनेच्या दृष्टीने हा पुरावा कोणत्याही भाषणापेक्षा भारी असतो.

कायदा काय म्हणतो

भारतातून आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो दराचा. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा तासांना दुप्पट दर बांधून दिला. ब्रिटनमध्ये ओव्हरटाइमला अधिक दर द्यावा अशी कायद्याची सक्ती नाही. एकूण कामाच्या तासांवर सरासरी मोबदला किमान वेतनाखाली जाऊ नये, एवढेच बंधन आहे. दीडपट, दुप्पट हे सारे करारावर आणि संघटनेच्या ताकदीवर अवलंबून असते. जादा काम सक्तीचे की ऐच्छिक, हेही करारच ठरवतो. म्हणून अशा वादात शहाणा कामगार सर्वप्रथम आपले नेमणूकपत्र काढून वाचतो. नेमणूकपत्रात सक्ती असेल, तर नकार म्हणजे करारभंग.

काम ऐच्छिक असेल तर प्रश्न मिटला असे सामान्य बुद्धीला वाटेल. जे करण्यास मी बांधील नाही ते मी केले नाही, यात गुन्हा कोणता? परंतु ब्रिटिश न्यायालयांनी या साध्या तर्काला एक मोठा खोडा घातलेला आहे. १९८३ मध्ये ‘पॉवर पॅकिंग केसमेकर्स विरुद्ध फॉस्ट’ या खटल्यात वेतनाच्या वादात ओव्हरटाइम नाकारल्याबद्दल तीन कामगारांना काढून टाकण्यात आले होते. जादा काम त्यांच्यावर बंधनकारक नव्हते. तरीही अपील न्यायालयाने म्हटले, की मालकावर दबाव आणण्याच्या हेतूने मिळून दिलेला नकार ही औद्योगिक कृतीच होय, मग त्यात करारभंग असो वा नसो. त्या वेळच्या कायद्यानुसार अशा कृतीत सहभागी असताना काढलेल्या कामगाराचे गाऱ्हाणे न्यायाधिकरणापुढे टिकत नव्हते. निर्णय कृतीवरून होत नाही, हेतूवरून होतो, हा या निकालाचा गाभा. मुलाच्या वाढदिवसासाठी शनिवारी न येणे ही खासगी बाब. ‘कंपनीला धडा शिकवू’ म्हणून न येणे ही औद्योगिक कृती. रिकामी खुर्ची दोन्हीकडे सारखीच दिसते.

आज संरक्षण बरेच वाढले आहे, पण ते मिळते कायदेशीर मतदान घेऊन संघटनेने पुकारलेल्या कृतीलाच. १९९२ च्या कामगार संघटना कायद्यातील कलम २३७ असे सांगते, की अनधिकृत कृतीत सामील असताना बडतर्फ झालेल्या कामगाराला अन्याय्य बडतर्फीचा दावा सामान्यतः करताच येत नाही. एखाद्या पाळीतील दहा जणांनी व्हॉट्सॲपवर ‘या शनिवारी कोणी जायचे नाही’ असे परस्पर ठरवले, तर ते याच धोक्याच्या क्षेत्रात पाऊल टाकतात. संघटनेचे जाणते पदाधिकारी तरुण सभासदांना हे वारंवार बजावतात ते भित्रेपणाने नव्हे. मतदानापूर्वीचा उत्साह हाच पुष्कळदा सर्वांत महाग पडतो.

मतपत्रिकेचीही एक कहाणी आहे. ब्रिटनमध्ये संप आणि संपाहून कमी तीव्रतेची कृती, असे दोन स्वतंत्र प्रश्न मतपत्रिकेवर विचारावे लागतात. ओव्हरटाइमवरील बहिष्कार यांपैकी कशात मोडतो? १९९९ मध्ये ‘कॉनेक्स साउथ ईस्टर्न’ या रेल्वे कंपनीच्या खटल्यात अपील न्यायालयाने ठरवले, की जादा काम व सुट्टीच्या दिवसाचे काम एकजुटीने थांबवणे हाही संपच, कारण कायद्यातील व्याख्या ‘मिळून केलेली कामबंदी’ एवढीच आहे. गंमत अशी, की हा निकाल त्या वेळी रेल्वे संघटनेच्या पथ्यावर पडला, कारण तिने फक्त संपाचेच मत घेतले होते. पण व्यवहारात यामुळे गोंधळच होणार होता. संसदेने त्याच वर्षीच्या रोजगार संबंध कायद्याने दुरुस्ती केली. मतपत्रिकेपुरता ओव्हरटाइमवरील बहिष्कार आणि बोलावण्यावर येण्यास नकार, हे दोन्ही ‘संपाहून कमी’ गटात धरले जातील असे स्पष्ट झाले. तेव्हापासून जी संघटना फक्त संपाचा प्रश्न विचारते, ती ओव्हरटाइमचे हत्यार घरी ठेवून लढायला निघते.

२०१६ च्या कायद्याने मतदानात किमान ५० टक्के सभासदांचा सहभाग आवश्यक केला. महत्त्वाच्या सार्वजनिक सेवांसाठी त्याबरोबरच एकूण मतदारांपैकी ४० टक्के पाठिंब्याची जादा अटही घातली. हवाई वाहतूक नियंत्रण आणि विमानतळ सुरक्षा या अटीखाली आले, विमान-देखभाल आली नाही. कृतीपूर्वी १४ दिवसांची नोटीसही त्याच कायद्याने आली. २०२५ च्या रोजगार हक्क कायद्याने ती १० दिवसांवर आणण्याची आणि मतदानाचा कौल सहाऐवजी बारा महिने टिकण्याची तरतूद केली आहे. या तपशिलांना तांत्रिक म्हणून बाजूला सारू नये. डिसेंबर २००९ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या केबिन कर्मचाऱ्यांचा नाताळातील संप उच्च न्यायालयाने रोखला तो मतदानातील अशाच दोषावरून. कंपनी सोडून जाणाऱ्यांनाही मतपत्रिका गेल्या होत्या.

सहानुभूतीची कृती तर बेकायदेशीरच आहे. ऑगस्ट २००५ मध्ये हीथ्रोवर विमानांना जेवण पुरवणाऱ्या गेट गूर्मे कंपनीने शेकडो कामगारांना काढून टाकले. त्यांत साउथहॉल परिसरातील पंजाबी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्यासाठी ब्रिटिश एअरवेजच्या जमिनीवरील कर्मचाऱ्यांनी काम बंद केले आणि ऐन सुट्टीच्या हंगामात लाखभर प्रवासी अडकले. माणुसकीच्या दृष्टीने ती कृती समजण्याजोगी होती, पण कायद्याने तिला थारा दिला नाही. त्यामुळे एका कंपनीतील देखभाल कामगारांचा वाद चालू असताना शेजारच्या कंपनीच्या अभियंत्यांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी आपला ओव्हरटाइम थांबवला, तर त्यांना संरक्षण नाही.

आता उलट बाजू. मालकाने काय करू नये यालाही सीमा आहेत. औद्योगिक कृतीत असलेल्यांचे नेहमीचे काम करण्यासाठी एजन्सीने कामगार पुरवू नयेत, हा २००३ चा नियम सरकारने जुलै २०२२ मध्ये काढून टाकला होता. उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवल्यावर ऑगस्ट २०२३ पासून बंदी पुन्हा लागू झाली. तो नियम संपाबरोबर इतर औद्योगिक कृतीलाही लागू आहे. विमान-देखभालीत एजन्सीमार्फत काम करणारे अभियंते ठिकठिकाणी असल्याने याला विशेष अर्थ आहे. पूर्वीपासून तिथेच काम करणाऱ्या कंत्राटी अभियंत्याची स्थिती मात्र अवघड असते. तो मतदानात नसतो, बहिष्कारात नसतो, आणि चहाच्या टेबलावर त्याच्याशी कोणी बोलत नाही.

पगाराचे गणित

ऐच्छिक ओव्हरटाइम नाकारल्याबद्दल मूळ पगारातून दमडीही कापता येत नाही. परंतु करारातील कामाचाच काही भाग नाकारला, तर चित्र पालटते. १९८७ च्या ‘माइल्स विरुद्ध वेकफील्ड’ खटल्यात विवाह नोंदणी करणाऱ्या एका अधिकाऱ्याने शनिवारी लग्ने लावण्यास नकार दिला. आठवड्याच्या ३७ तासांपैकी ते तीन तास होते, आणि पगारातील ३/३७ हिस्सा कापणे हाउस ऑफ लॉर्ड्सने योग्य ठरवले. दोन वर्षांनी लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स नगरपालिकेच्या एका कर्मचाऱ्याची गत त्याहून वाईट झाली. त्याने केवळ नगरसेवकांच्या चौकशांना उत्तरे देणे थांबवले होते आणि बाकीचे सर्व काम केले होते. ‘अर्धे काम आम्हाला नको’ असे पालिकेने आधीच कळवले असल्याने त्या काळाचा पूर्ण पगार नाकारणे न्यायालयाने वैध धरले. अभियंत्यांनी यातून घेण्याचा बोध उघड आहे. ओव्हरटाइम नाकारणे आणि पाळीच्या आतले एखादे काम नाकारणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

घरच्या हिशेबाचे काय? ज्या कुटुंबाने घराचा हप्ता जादा तासांची कमाई धरूनच ठरवला आहे, त्याला बहिष्कार संपाइतकाच झोंबतो. नियमित ऐच्छिक ओव्हरटाइम सुट्टीच्या पगारात धरावा, असे २०१७ च्या एका निकालाने स्पष्ट केले आहे. म्हणून लांबलेल्या बहिष्काराने पुढे मिळणारा सुट्टीचा पगारही घसरतो. त्यात हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्येष्ठ परवानाधारकाला मूळ पगारावर निभावून नेता येते. परवान्याच्या परीक्षा देत असलेल्या तरुण मेकॅनिकला ते जमत नाही. ‘आपण सारे एक’ असे सभेत म्हणणे सोपे असते. महिनाअखेरीस मात्र एकजुटीला तडे जातात ते बहुधा इथेच, आणि अशा वेळी शनिवारी कामावर आलेल्या तरुणाला फितूर म्हणणाऱ्यांनी त्याच्या घरभाड्याचाही विचार करायला हवा.

थकवा : सर्वांत बळकट आणि सर्वांत अडचणीचा युक्तिवाद

जादा काम नाकारण्याच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा सुरक्षिततेचा. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ‘बीएसी वन-इलेव्हन’ विमानाची समोरची काच आकाशात निखळली आणि कप्तान अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदम्प्टनला विमान उतरवले, आणि कप्तान वाचला. ही काच उड्डाणाच्या २७ तास आधी बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट नेमलेल्या व्यासापेक्षा किंचित बारीक होते. रात्रपाळीत माणसे कमी होती, पाळीच्या व्यवस्थापकाने काम स्वतःच अंगावर घेतले, आणि ते पहाटेच्या, शरीर सर्वांत मंद असते त्या वेळी झाले. पाच वर्षांनी, २३ फेब्रुवारी १९९५ रोजी, ईस्ट मिडलँड्सहून लान्झारोतेला निघालेल्या ब्रिटिश मिडलँडच्या ‘बोइंग ७३७-४००’ च्या दोन्ही इंजिनांतील तेल गळून गेले. रात्री झालेल्या तपासणीनंतर दोन्ही इंजिनांची आवरणे परत बसवलीच गेली नव्हती. विमान ल्यूटनला सुखरूप उतरले. दोन्ही प्रसंगांत काम करणारे अनुभवी होते, आणि कसेही करून सकाळपर्यंत विमान तयार करायचे या जिद्दीनेच घात केला.

सीएएने पुढे स्वान्सी विद्यापीठातील प्राध्यापक सायमन फोकर्ड यांच्याकडून देखभाल कामगारांच्या तासांचा अभ्यास करून घेतला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालातील शिफारशी स्पष्ट होत्या. नियोजित पाळी बारा तासांहून मोठी नसावी, ओव्हरटाइम धरूनही ती तेरा तासांपुढे जाऊ नये, दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तासांची विश्रांती असावी, आणि जादा काम धरून सात दिवसांत साठ तास ओलांडू नयेत. तथापि या शिफारशी राहिल्या. कायद्याचे बंधन आहे ते १९९८ च्या कामाच्या तासांच्या नियमांचे. आठवड्याला सरासरी ४८ तास, तेही १७ आठवड्यांची सरासरी काढून, आणि त्यातून लेखी संमतीने बाहेर पडण्याची मुभा. देखभाल संस्थेने पाळ्या आखताना मानवी मर्यादा लक्षात घ्याव्यात असे ‘पार्ट १४५’ सांगते, पण आकडा देत नाही. विरोधाभास असा, की अभियंत्याच्या रक्तात किती मद्य चालेल याचा आकडा २००३ च्या कायद्याने ठरवून दिला, दर १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम. सलग सहाव्या रात्रीच्या झोपेअभावी मेंदू किती मंदावला हे मोजायला मात्र सहीशिवाय काही नाही.

इथेच अभियंत्यांमधील खरा वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, की थकलेल्या माणसाने जादा काम न करणे हे कर्तव्यच आहे आणि वादाच्या काळात ते ठामपणे सांगण्याची संधी मिळते. दुसरा पक्ष विचारतो, की गेल्या वर्षी याच महिन्यात सत्तर तास भरले तेव्हा थकवा कुठे गेला होता? हा प्रश्न टोचणारा आहे आणि त्याला बगल देऊन चालत नाही. बहिष्कार हा पगाराचा लढा असेल तर तो तसाच लढावा. त्यावर सुरक्षिततेचे पांघरूण घातले, तर पुढे कधी खरोखरच थकून कोणी नकार दिला तेव्हा त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाईल. उलट, वादाच्या आधीपासून ज्याने तासांची नोंद ठेवली आहे, अनुचित पाळ्यांविषयी कंपनीकडे किंवा ‘चर्प’ या गोपनीय अहवाल यंत्रणेकडे कळवले आहे, त्याच्या म्हणण्याला वादातही वजन राहते.

जादा काम करावे असे मानणाऱ्यांचीही बाजू नुसती पैशाची नसते. अर्धवट उघडलेले काम पाळीच्या सीमेवर दुसऱ्याकडे सोपवताना चुका होण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, आणि ज्याने उघडले त्यानेच बंद करावे हा जुना, अनुभवाचा नियम आहे. दोन तास थांबून काम पुरे करणे अनेकदा अधिक सुरक्षित ठरते. बहिष्काराची रूपरेषा आखताना संघटनेने याचा विचार करून, चालू असलेले काम सुरक्षित टप्प्यापर्यंत नेऊन व्यवस्थित नोंदींसह सोपवण्याची मुभा ठेवली तर तिची नैतिक बाजू बळकट होते. मात्र ‘तुमच्यामुळे प्रवाशांचा जीव धोक्यात येईल’ हा व्यवस्थापनाचा आरोप फारसा टिकत नाही. जमिनीवर उभे असलेले विमान कोणाचा जीव घेत नाही. उशीर होतो, पैसे बुडतात, सुट्ट्या विस्कटतात, आणि बहिष्काराचा उद्देशही तोच असतो.

दोष शोधणे हा गुन्हा कधी होतो

याहून नाजूक प्रश्न ‘नियमानुसार कामा’चा. १९७२ च्या वसंतात ब्रिटिश रेल्वे कामगारांनी नियमपुस्तिका शब्दशः पाळून गाड्या खोळंबवल्या, जादा कामही थांबवले. लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयाने ठरवले, की नियम पाळूनही हेतू सेवा मोडण्याचा असेल तर तो करारभंग होतो. सरकारने त्यानंतर न्यायालयाच्या आदेशाने मतदान घडवून आणले, आणि कामगारांनी मोठ्या बहुमताने संघटनेलाच कौल दिला. तो भाग राज्यकर्त्यांना विसरावासा वाटला असेल.

विमान-देखभालीत हा निकाल सरळ लावता येत नाही. रेल्वेच्या नियमपुस्तिकेत कदाचित निरुपयोगी नियम असतील. विमानाच्या देखभाल पुस्तिकेतील पायरी वगळणे हाच नियमभंग आहे. मग वादाच्या काळात अभियंत्याला पंखावरची चीर दिसली आणि त्याने ती लिहिली, तर तो मंदगती आंदोलन करतो आहे की आपले काम? अमेरिकेत २०१९ मध्ये हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. फेब्रुवारीत साउथवेस्ट एअरलाइन्सने नेहमीपेक्षा जास्त विमाने दोषांमुळे जमिनीवर आल्याचे सांगून आणीबाणी जाहीर केली, मेकॅनिकांच्या ‘एएमएफए’ संघटनेवर दावा लावला, आणि वर्षानुवर्षे रखडलेला करार पुढच्याच महिन्यात मार्गी लागला. त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने टेक्सासच्या न्यायालयातून आपल्या मेकॅनिकांच्या संघटनांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. जूनमध्ये तात्पुरता आणि ऑगस्टमध्ये कायमचा. ओव्हरटाइम एकजुटीने नाकारणे हाही त्या तक्रारीचा भाग होता. तिथे १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे, आणि बोलणी चालू असताना ‘जैसे थे’ राखण्याचे बंधन तो घालतो. जे ब्रिटनमध्ये मतदान व नोटीस देऊन कायदेशीर ठरते, तेच अमेरिकेत त्या टप्प्यावर बेकायदेशीर ठरते. इंटरनेटवर अमेरिकन सहकाऱ्यांचे सल्ले वाचणाऱ्या ब्रिटनमधील अभियंत्याने हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

भारतातील स्थिती तिसरीच. मे २०१० मध्ये, मंगळूरच्या भीषण अपघाताला चार दिवसही झाले नव्हते, तेव्हा एअर इंडियाचे अभियंते व जमिनीवरील कर्मचारी संपावर गेले. पगाराला होणारा उशीर आणि प्रसारमाध्यमांशी बोलण्यावरील बंदी ही कारणे होती. दिल्ली उच्च न्यायालयाने संप थांबवण्याचा आदेश दिला, कंपनीने दोन संघटनांची मान्यता काढली आणि अनेकांना कामावरून दूर केले. त्या वेळच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात विमान वाहतूक ही सार्वजनिक उपयोगिता सेवा होती, आणि मुद्दाम मंदगतीने काम करणे ही कामगारांकडून होणारी अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली होती. मुंबईत कालिना-सांताक्रूझच्या देखभाल तळावर घडलेला आणि आता ब्रिटनमध्ये परवाना मिळवून काम करणारा अभियंता यांपैकी बरेच संस्कार सोबत आणतो. संपाची धास्ती आणि दुप्पट ओव्हरटाइमची अपेक्षा, दोन्ही. इथे दोन्हींना करार वाचल्यावर मुरड घालावी लागते.

व्हिसावर असलेल्यांची एक वेगळी धास्ती असते. कायदेशीर मतदानानंतरच्या संरक्षित कृतीत सहभागी झाल्याने परदेशी कामगाराचे बडतर्फीविरुद्धचे संरक्षण इतरांहून कमी होत नाही. पण मालकाने प्रायोजित केलेला व्हिसा त्या नोकरीशी बांधलेला असल्याने नोकरी गेलीच तर त्याचे नुकसान फार मोठे असते. बडतर्फीहून कमी शिक्षेबाबत, म्हणजे निलंबन, ताकीद, बढती रोखणे यांबाबत, तर ब्रिटिश कायद्यात उणीवच होती. एप्रिल २०२४ मध्ये ‘मर्सर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव मानवी हक्कांच्या कराराशी विसंगत असल्याचे जाहीर केले, आणि २०२५ च्या कायद्याने ती भरून काढण्याची तरतूद केली.

करार झाला की बहिष्कार उठतो, पण पुढे ढकललेल्या दोषांची यादी आणि रखडलेल्या तपासण्या तशाच असतात. त्या निपटण्यासाठी कंपनीला लगेच जादा तास हवे असतात, आणि अभियंत्यांनाही बुडालेली कमाई भरून काढायची असते. महिनाभर थांबलेला ओव्हरटाइम मग दोन आठवड्यांत दुप्पट वेगाने परततो, बारा तासांच्या पाळ्या तेरा-चौदा तासांपर्यंत लांबतात. तडजोडीच्या कागदावर वेतनवाढीचा टक्का आणि नव्या भरतीचा आकडा असतो. या पंधरा दिवसांतील कमाल तासांची मर्यादा त्यात लिहून घेणारी संघटना विरळाच.